एसीचा गॅस ‘संपतो’ म्हणजे जातो कुठे?

आजचा भाग सुरू होतो एका गॅरेजमध्ये, पण जाणार आहे थेट अंटार्क्टिकापर्यंत. त्यामुळे इअरफोन नीट लावा.

माझी गाडी सेकंडहँड, 2014 चं मॉडेल. गेल्या एप्रिलमध्ये एसीतून वारा यायचा, पण गार नाही. मेकॅनिक काकांनी बॉनेट उघडलं, पाइपला हात लावला आणि म्हणाले, “गॅस संपलाय, भरून टाकू?” मी म्हटलं, “टाका काका.” गंमत म्हणजे आदल्या वर्षीही हेच झालं होतं. आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

घरी येताना डोक्यात किडा वळवळला. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीचा गॅस कशाने संपतो? आमच्या घरचा फ्रिज बारा वर्षांचा आहे, त्यात कुणी एकदाही गॅस भरलेला नाही.

उत्तर सोपं आहे: तो संपतच नाही. काँप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, मग डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनमधली उष्णता ओढून घेतो. पुन्हा काँप्रेसर. बंद वर्तुळ. गॅस कमी झाला, याचा अर्थ तो गळला.

फ्रिजमध्ये मोटर आणि काँप्रेसर एकाच वेल्ड केलेल्या डब्यात असतात. गाडीत मात्र काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे त्याचा दांडा बाहेर काढावाच लागतो, तिथे सील आलं. इंजिन हलतं म्हणून रबरी पाइप आले, जोडांवर ओ-रिंग आल्या. गाडीचा एसी जन्मापासूनच गळका आहे. आणि या गळतीचा इतिहास भन्नाट आहे.

सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असायचे. 1928 मध्ये जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजलीच्या टीमने एक नवा वायू तयार केला. तो जळत नव्हता, विषारी नव्हता, स्वस्तही होता. 1930 मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांसमोर तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. हाच फ्रिऑन, म्हणजे आर-12. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही याच गृहस्थाची!)

1940 च्या मॉडेलसाठी पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. कूलिंग युनिट डिकीची जागा खायचं, आणि एसी पूर्ण बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागायचा. दोनेक वर्षांत तो बंदही पडला. पण पुढे एसी सुधारला, आणि 1970 येईपर्यंत अमेरिकेत निम्म्याहून जास्त नव्या गाड्यांत तो होता. गॅस कमी झाला? दुकानातून छोटा डबा आणा, भरा. दुरुस्तीला पाइप उघडायचाय? सोडा हवेत. विषारी थोडाच आहे!

1974 मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी सांगितलं, की हा वायू खाली तुटत नाही, म्हणून वर जातो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन खातो. उद्योगांनी जोरदार विरोध केला. 1978 मध्ये अमेरिकेने स्प्रेच्या डब्यांतून हे वायू बहुतांशी हद्दपार केले, पण गाड्या गळतच राहिल्या. मग 1985 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगापुढे आणलं, आणि 16 सप्टेंबर 1987 ला माँट्रियल करार झाला. भारत त्यात 1992 मध्ये आला.

गाड्यांमध्ये आर-12 च्या जागी आर-134ए आला. तेलही बदललं, कारण जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नव्हतं. भरायची नोझल मुद्दाम वेगळी केली, चुकून सरमिसळ नको म्हणून. पण मला सगळ्यात मोठा बदल गॅरेजमधला वाटतो. अमेरिकेत 1992 पासून गाडीचा एसी दुरुस्त करणाऱ्याला सर्टिफिकेट आणि गॅस परत ओढून घेणारं मशीन सक्तीचं झालं. ‘सोडा हवेत’ हा गुन्हा ठरला. करारावर सह्या मंत्र्यांनी केल्या, पण तो रोज पाळायचा होता हातात पाना असलेल्या माणसाला.

तो यशस्वी झाला. अंटार्क्टिकावरचा ओझोन 2066 च्या आसपास 1980 च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे.

मग गोष्ट संपली? नाही ना. आर-134ए ओझोनला हात लावत नाही, पण एक किलो आर-134ए सुमारे 1430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. तो पूर्ण गळला, तर जवळपास 300 लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. तीन वर्षं मी काय करत होतो, हे कळल्यावर गार वाटलं, तेही एसीशिवाय.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मेमरी लीक म्हणतो. सर्व्हर रोज रीस्टार्ट केला की चालतो, पण बग तसाच राहतो. शेवटी मी एसीचंच काम करणाऱ्या एका दादांकडे गेलो. त्यांनी उरलेला गॅस मशीनमध्ये ओढून घेतला, नायट्रोजनचा दाब दिला आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर बारीक बुडबुडे. ओ-रिंग गेली होती. चहा-वड्याच्या किमतीची वस्तू!

तर पुढच्या वेळी कुणी “गॅस भरू?” म्हणालं, की आधी विचारा, “गळतंय कुठे?” मग व्हॅक्युम करून घ्या, म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाईल. गॅस अंदाजाने नाही, वजनाने भरायला सांगा. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावा, तेल फिरतं आणि सील कोरडी पडत नाहीत.

माझा हा उन्हाळा गॅस न भरता गेला. तुमच्या गाडीत दरवर्षी गॅस ‘संपत’ असेल, तर हा भाग आधी तुमच्या मेकॅनिकना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!