पोचला असेल

परवा फ्रेंचच्या पुस्तकातला एक धडा करत होतो. पुतण्या चार वर्षांपूर्वी लिओंला गेला, त्याच्या मुलीशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून या वयात हा उद्योग मी आरंभला आहे. देवरूखात फ्रेंच शिकवणारं कोणी मला तरी भेटलं नाही, त्यामुळे पुस्तक आणि मी, एवढाच वर्ग. धडा होता 'फ्युत्युर आंतेरिअर' या काळाचा. शब्दशः 'आधीचं भविष्य'. आपल्या शाळेत ज्याला पूर्ण भविष्यकाळ म्हणायचे, तोच.

शाळेचं नाव निघालं म्हणून सांगतो. आम्हाला तेव्हा काळांचा एक तक्ता पाठ करायला लावला होता. त्यात या काळाचं उदाहरण होतं, 'मी आंबा खाल्ला असेन'. आंबे आमच्या अंगणातच. पण हे वाक्य घरात कोणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. 'आंबा कोणी खाल्ला?' 'बंड्याने खाल्ला असेल,' हे मात्र रोजचं. म्हणजे तक्ता म्हणत होता भविष्य, आणि घरात त्याच रूपाने चोर शोधले जात होते! बाईंना विचारलं, तर पुस्तकात आहे तसंच लिही म्हणाल्या.

फ्रेंच पुस्तकाने चाळीस वर्षांनी उत्तर दिलं. आधी हा काळ बनतो कसा ते सांगतो, कारण गंमत तिथूनच सुरू होते. फ्रेंचमध्ये दोन साहाय्यक क्रियापदं आहेत, 'आव्हवार' म्हणजे जवळ असणे आणि 'एत्र' म्हणजे असणे. त्यांचं साधं भविष्यरूप घ्यायचं आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित ठेवायचं. 'झोरे फिनी', माझं संपलं असेल. 'इल सरा आरिव्हे', तो पोचला असेल. बहुतेक क्रियापदांना 'आव्हवार' लागतं. जाणे, येणे, पोचणे, निघणे, पडणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांना, आणि स्वतःवर उलटणाऱ्या सगळ्या क्रियापदांना 'एत्र' लागतं.

हे 'एत्र'वालं धातुसाधित कर्त्याप्रमाणे लिंगवचन बदलतं. तो निघाला असेल, ती निघाली असेल. इंग्रजी शिकताना जे कुठेच भेटलं नाही, ते इथे घरच्यासारखं भेटलं. 'आव्हवार'च्या बाबतीत मात्र कर्म आधी आलं तरच धातुसाधित त्या कर्माप्रमाणे बदलतं. 'त्याने लिहिलेली चिठ्ठी' अशा धाटणीचं वाक्य असेल, तर 'लिहिणे'चं 'एक्री' हे रूप स्त्रीलिंगी 'एक्रीत' होतं. फ्रेंच मुलं या नियमापायी मार्क घालवतात म्हणे. आपण 'त्याने पत्र लिहिलं असेल, चिठ्ठी लिहिली असेल' असं काही न शिकता बोलतो. आपल्याकडे तर कर्म आधी येवो की नंतर, क्रियापद त्याच्याच मागे जातं.

आता थोडा इतिहास. लॅटिनमध्ये या काळाला एकच शब्द पुरायचा. 'स्क्रिप्सेरो' म्हटलं की झालं, 'माझं लिहून झालेलं असेल'. बोलीभाषेतून फ्रेंच घडताना हे रूप गळून पडलं. साधं भविष्यही गेलं. त्याच्या जागी लोक 'कांतारे हाबेओ' म्हणू लागले, म्हणजे जवळजवळ आपलं 'मला गायचं आहे'. ते दोन शब्द घासून घासून एक झाले आणि आजचं फ्रेंच भविष्य तयार झालं. 'झोरे'तला 'ओरे' हासुद्धा मुळात 'हाबेरे हाबेओ', एकच क्रियापद दोनदा. गेलेल्या काळाची जागा लोकांनी घरातल्याच जुन्या सामानाने भरून काढली.

मराठीतही तसंच झालं. 'असे' हे जुनं वर्तमानरूप, त्याला 'ल' लागून 'असेल' झालं, जसं 'करी'चं 'करील'. 'गेला'मधला 'ल' निराळा, तो प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययाचा. दोन वेगळ्या घरांतले दोन 'ल' शेजारी येऊन 'गेला असेल' बनलं. मराठीचा हा सगळा प्रवास शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा मोठा ग्रंथ एका फ्रेंच माणसाने फ्रेंचमध्येच लिहिला, हे अनेकांना ठाऊक नसतं. झ्यूल ब्लोक यांचा तो प्रबंध १९२० साली पॅरिसहून ग्रंथरूपाने निघाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेलं त्याचं मराठी भाषांतर १९४१ साली आलं.

मग आमचा तक्ता आला कुठून? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ सालचं. त्या पिढीपुढे नमुना होता इंग्रजी व्याकरणाचा. इंग्रजीत जेवढे काळ, तेवढी घरं आखायची आणि प्रत्येकात एक मराठी वाक्य बसवायचं, ही सवय शाळेच्या पुस्तकांत पुढे टिकली. याला वेगळी वाट दाखवली ती मोरो केशव दामल्यांनी. हे केशवसुतांचे धाकटे बंधू, आमच्याच जिल्ह्यातल्या मालगुंडच्या दामल्यांपैकी. त्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण'मध्ये लाख्यात, ईलाख्यात अशी नावं भेटतात. नाव रूपावरून, काळावरून नाही. एकच रूप निरनिराळ्या काळांसाठी आणि अर्थांसाठी वापरलं जातं, हे त्यामुळे आधीच कबूल केल्यासारखं होतं. बंड्याचा आंबा या व्याकरणात अडचण न होता बसतो.

फ्रेंच पुस्तकही हे मोकळेपणाने सांगतं. पहिला उपयोग, भविष्यातल्या एका गोष्टीच्या आधी पुरी झालेली दुसरी गोष्ट. 'काँ त्यु सरा आरिव्हे', म्हणजे 'तू पोचला असशील तेव्हा', फोन कर. इथे आपण सरळ भूतकाळ वापरतो, 'पोचलास की फोन कर'. अजून तो निघालेलासुद्धा नसतो, पण आईच्या तोंडी तो पोचलेला असतो! दुसरा उपयोग अंदाजाचा. कोणी वेळेवर आलं नाही तर फ्रेंच माणूस म्हणतो, 'इलोरा मांके सों त्रँ'. त्याची गाडी चुकली असेल. हुबेहूब आपलं वाक्य.

या दुसऱ्या उपयोगापाशी मी पुस्तक मिटून बसलो, कारण त्यावर आमचं अर्धं बालपण गेलं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होईपर्यंत मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची एसटी. बाबा किंवा दादा गाडीत बसले की आई घरात बसून ती गाडी चालवायची. 'आता चिपळूण सोडलं असेल.' 'कशेडी चढली असेल.' पहाटे चूल पेटवताना, 'पनवेल आलं असेल.' फोन गावात मोजके. पोचल्याचं पत्र चार दिवसांनी यायचं. ते चार दिवस ती या एका काळाच्या आधारावर काढायची.

हा काळ खोटाही ठरतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्यांनी आपल्या माणसाला धक्क्यावर निरोप दिला असेल, त्यांनी घरी परतल्यावर काय म्हटलं असेल? 'एव्हाना रेवसला पोचली असेल बोट.' व्याकरणात त्या वाक्यात काहीच चूक नव्हती.

आमच्या घरात ती वेळ २६ जुलै २००५ला आली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. दादाचं ऑफिस अंधेरीला, घर ठाण्याला. त्याचा फोन लागेना, वहिनीचाही लागेना. टीव्हीवर बसच्या टपावर बसलेली माणसं दिसत होती. आई रात्रभर झोपाळ्यावर. दर तासाला म्हणायची, 'थांबला असेल कुठेतरी. कोणीतरी घरात घेतलं असेल.' मी चिडून म्हटलं, 'तुला कसं माहीत?' ती म्हणाली, 'माहीत असतं तर असेल कशाला म्हटलं असतं?'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. खरोखरच एका अनोळखी कुटुंबाने त्याला रात्रभर घरात ठेवून घेतलं होतं. आईने फोन ठेवला आणि पहिल्यांदा साधा भूतकाळ वापरला. 'पोचला.'

धड्याच्या शेवटी एक तिसरा उपयोग दिला आहे, तो आपल्याकडे नाही. सगळं संपल्यावर हिशेब मांडताना फ्रेंच माणूस हाच काळ वापरतो. वर्ष सरल्यावर तो म्हणतो, 'सेत आने ओरा एते दिफिसिल'. हे वर्ष कठीण गेलं, नक्की गेलं. रूप 'गेलं असेल'चं, पण त्यात शंका उरलेली नसते.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. सरावासाठी एक वाक्य करायचं होतं, ते मी तिच्यावर केलं. 'एलोरा आतांद्यु तूत सा व्ही.' तिने जन्मभर वाट पाहिली. मराठीत हेच रूप ठेवून 'तिने जन्मभर वाट पाहिली असेल' म्हटलं, तर तो अंदाज होतो, आणि तो मला लिहवेना. मी पाहिलं आहे.

असो. रविवारी लिओंचा फोन येईल. तिकडे सकाळचे दहा, म्हणजे पोरगी उठली असेल.