जुन्नरच्या डोंगरातली मनाची शाळा

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चिट नावाच्या एका यवनाने शिवनेरीच्या डोंगरात भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. तसा शिलालेखच तिथे कोरलेला आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. एवढ्या दोन दानांवरूनही कळतं, की या डोंगरांत माणसं एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती आणि त्यांच्या पाण्याची काळजी गावाला होती.

लेणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा, अबोल भिक्षू येतो. जुन्नरच्या बाबतीत हे चित्र फार अपुरं आहे. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढची सुमारे तीन शतकं ती कोरली जात होती. कोकणातून नाणेघाट चढून आलेला माल जुन्नरच्या पेठेत उतरायचा आणि पेठेभोवतीच्या डोंगरांत हे विहार होते. दक्षिणेकडच्या मानमोडीवर तीन लेणीसमूह आहेत. त्यांतल्या एकाला पुढे लोकांनी भीमाशंकराचं नाव दिलं. आंबेगाव-खेडच्या शिवेवरचं ते ज्योतिर्लिंग या मुलखाच्या मनात किती खोल रुजलंय, ते यावरून दिसतं.

लेण्याद्रीचं सातव्या क्रमांकाचं लेणं आज अष्टविनायकांतल्या गिरिजात्मजासाठी ओळखलं जातं. पायऱ्या चढून दमलेले भाविक ज्या दालनात टेकतात, ते मुळात भिक्षूंचं वसतिगृह. मधे एकही खांब नाही आणि कडेने वीस खोल्या. खोली म्हणजे जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी जागा, दारं मात्र सगळी एकाच चौकात उघडणारी. झोपायला आडोसा आणि उठल्यावर सगळ्यांची तोंडं समोरासमोर, अशी ही रचना. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं.

या डोंगरांत जे शिकवलं जायचं, त्याच्या केंद्रस्थानी मन होतं. राग कसा उठतो, आसक्ती कुठून येते, लक्ष का भरकटतं, हे अभ्यासाचे विषय होते. अभिधम्माच्या परंपरेने चित्ताच्या अवस्थांच्या याद्या केल्या. थेरवादी मांडणीत चित्ताबरोबर उठणारे चेतसिक ५२ आहेत. आधुनिक मानसशास्त्राचं बघायचं, तर जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली आणि कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला १९१६ साली. त्यांची पद्धत निराळी, प्रयोगाची. तरी विद्यार्थ्यांनी एकत्र राहून, आपलंच मन तपासत शिकायची रीत जुन्नरला त्याच्या कितीतरी आधी रुजली होती.

या सहवासाचे नियम विनयग्रंथांत बारकाईने दिले आहेत. नव्या भिक्षूने निदान पाच वर्षं उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहायचं. शिष्याने गुरूला दातवण आणि पाणी द्यायचं, आणि शिष्य आजारी पडला तर गुरूने त्याची शुश्रूषा करायची. जेवण मध्यान्हीच्या आत उरकायचं. पालि विनयात तर जेवताना मचमच करू नये, भुरके मारू नयेत, घास तोंडात असताना बोलू नये असंही सांगितलंय. तरुण पोरांची पंगत कधीकाळी फार गलबला करत असणार, एरवी असा नियम कोण कशाला करील?

पावसाचे तीन महिने भटकंती बंद आणि सगळ्यांचा मुक्काम एका जागी, हा वर्षावास. जुन्नरच्या पश्चिमेला पाऊस काय कोसळतो हे ज्याने पाहिलंय, त्याला कातळातल्या या खोल्यांचं मोल सांगावं लागत नाही. दर पंधरवड्याला उपोसथ, म्हणजे सगळ्यांसमक्ष नियमांचं पठण. वर्षावास संपला की पवारणा: माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी प्रत्येकाने संघाला विनंती करायची. त्यानंतर कठिन. उपासकांनी दिलेलं कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून चीवर तयार करायचं, आणि त्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा. तीन महिने दाटीवाटीने राहिलेल्या माणसांच्या मनातली अढी काढायला पवारणेइतका शहाणा सोहळा क्वचितच कुणी योजला असेल. महाराष्ट्रातले बौद्ध आजही आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात.

या सगळ्याचा खर्च गावाने उचलला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांचं दरमहा येणं संघासाठी लावून दिलं. आदुथुम या शक उपासकाने करंजांसाठी वीस आणि वडांसाठी नऊ निवर्तनं जमीन लावून दिली. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने, शिलालेखात दिलेल्या वर्ष ४६ मध्ये, मंडप आणि टाकं दिलं. यवन, शक, धान्याचे व्यापारी, अमात्य सगळे दात्यांच्या एकाच यादीत येतात.

या यादीतलं सर्वांत मोलाचं दान गिरिभूतीचं आहे. त्याने लेणं आणि टाकं दिलंच. शिवाय नगरातल्या धम्मोत्तरीय भिक्षुणींच्या निवासासाठी अक्षय निधी ठेवला. म्हणजे या शाळेत स्त्रियाही होत्या, आणि त्या भर वस्तीत राहत होत्या. धम्मोत्तरीय हा वात्सीपुत्रीय परंपरेतून निघालेला पंथ. क्षणोक्षणी बदलणाऱ्या चित्ताच्या प्रवाहात ‘व्यक्ती’ म्हणावं असं काही असतं का, यावर वात्सीपुत्रीयांचा इतर बौद्धांशी मोठा वाद होता. व्यक्ती स्कंधांहून, म्हणजे देह-मनाच्या घटकांहून, वेगळीही म्हणता येत नाही आणि तीच म्हणजे स्कंध असंही म्हणता येत नाही, अशी त्यांची भूमिका. मानसशास्त्राचा विद्यार्थी आजही ज्या प्रश्नाशी झटतो, तो हाच. गिरिभूतीचा निधी त्या प्रश्नाची परंपरा सांभाळणाऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या छपरासाठी होता.