पोरांच्या जिवावर?

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या दोन सीनियर्सनी एकाच आठवड्यात पेपर टाकले आणि त्यांच्या जागी तीन फ्रेशर्स आले. टपरीवर चहा पिताना एकजण म्हणाला, "आता ही पोरं रिलीज काढणार का?" मला एकदम मँचेस्टर युनायटेड आठवली. (फुटबॉलची ॲलर्जी असलेल्यांनी हा शनिवार सोडून द्यावा :-))

गोष्ट माझ्या जन्माआधीची, १९९५ ची. युनायटेडची लीग एका गुणाने हुकली होती, एफ.ए. कपची फायनलही हातची गेली होती. कोणीही मॅनेजर चेकबुक काढेल. पण ॲलेक्स फर्ग्युसनने पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि कांचेल्स्किस असे तीन खंदे खेळाडू जाऊ दिले, आणि बदल्यात एकही मोठं नाव घेतलं नाही! बेकहॅम, स्कोल्स, बट, गॅरी नेव्हिल हे सगळे २० वर्षांचे, गॅरीचा भाऊ फिल तर १८ चा. १९ ऑगस्टला पहिल्याच मॅचमध्ये ॲस्टन व्हिलाने ३-१ ने धुतलं. त्या रात्री बीबीसीवर ॲलन हॅन्सनने निकाल देऊन टाकला : पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नाही.

पुढे युनायटेडने लीग आणि कप दोन्ही जिंकले, आणि लोक हॅन्सनला आजतागायत हसतात. पण मला विचाराल तर तो तितकासा चुकला नव्हता. व्हिलाविरुद्ध एरिक कँटोना नव्हता (प्रेक्षकाला लाथ मारल्याची बंदी!), कॅप्टन स्टीव्ह ब्रूसही नव्हता. कँटोना ऑक्टोबरमध्ये परतला. जानेवारीत न्यूकॅसल तब्बल १२ गुणांनी पुढे होतं.

मग ४ मार्च १९९६. न्यूकॅसलच्याच मैदानावर पहिला हाफ म्हणजे नुसता मारा, आणि समोर भिंतीसारखा ३२ वर्षांचा गोलकीपर श्मायकल. दुसऱ्या हाफमध्ये फिल नेव्हिलने डावीकडून बॉल टाकला, पलीकडे कँटोनाने तो चेंडू हवेतच मारला. १-०. क्रॉस १९ वर्षांच्या पोराचा, गोल २९ वर्षांच्या बाप्याचा. त्या महिन्यात आर्सेनल आणि टॉटनहॅमलाही १-० नेच हरवलं, दोन्ही गोल कँटोनाचेच. पोरांनी पळायचं, अडलं की एरिककडे द्यायचं, असा साधा हिशोब.

फर्ग्युसनने हा हिशोब पुढेही सोडला नाही. १९९७ मध्ये कँटोना निवृत्त झाल्यावर त्याने ३१ वर्षांचा शेरिंगहॅम आणला, तेव्हा बरेच जण हसले. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये बरोबरीचा गोल कोणाचा, ते शोधा :-)

पण मला सारखा आठवतो तो ब्रूस. १९८७ पासून या क्लबात. ११ मे १९९६ च्या कप फायनलला तो टीममध्ये नव्हता. कँटोना कॅप्टन, शेवटी गोलही त्याचाच. त्याच उन्हाळ्यात, ३५ व्या वर्षी, ब्रूस बर्मिंगहॅम सिटीला गेला.

असो. सोमवारी त्या तिघांचं के.टी. माझ्याकडेच आहे.