बारा अंक, बत्तीस बिट

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बारा अंकी. सी भाषा पीडीपी-११ वर घडली तेव्हा तिचा इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच. पुढे तो ३२ बिटांचा झाला, तरी २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. एकही आधार त्यात मावत नाही.

पायथॉनला आकाराची फिकीर नाही. पण सीटाइप्समधून, प्रकार न सांगता, आकडा सीकडे दिला की वरचे बिट गुपचूप गळतात. एररसुद्धा येत नाही!

परभणीतल्या शेतकऱ्यांच्या यादीवर काम करताना मी दोन दिवस यादी भरणाऱ्यालाच शिव्या घातल्या. तिकडे लोकांचं अनुदान अडकलेलं. यादी बरोबर होती. आर्गटाइप्समध्ये ६४ बिटांचा प्रकार लिहिला, आधार जुळले. तसंही आधारची बेरीज कोण करतं? आता मी तो स्ट्रिंगमध्येच ठेवतो.