शक्तिमान आणि कडब्याची गंजी

सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली, ती २००५ पर्यंत चालली. लाईट गेली की पोरं ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची. मुकेश खन्नाचा गंगाधर गरगर फिरून शक्तिमान झाला की आमचा थोरलाही अंगणात फिरायचा. एकदा त्यानं कडब्याच्या गंजीवरून उडी घेतली अन् हात मोडला. असलं करू नका, हे शक्तिमान स्वतः पडद्यावरून पोरांना समजावून सांगायचा. मी समजावलं नाही. मोडक्या हातासकट बडवला.

२०२० च्या लॉकडाऊनात मालिका पुन्हा लागली. थोरला शहरातून घरी आलेला. टीव्ही बघता बघता नातू गरगर फिरायला लागला. थोरल्यानं त्याला जवळ घेतलं, हळू आवाजात समजावलं. मी मुकाट उठून ओट्यावर जाऊन बसलो.