एका अक्षराला किती घरे?

मध्यंतरी बरेच दिवस लिहिणे झाले नाही. डोळ्यांचे कारण होतेच, पण खरे कारण आळस. असो. आज लिहायला बसलो आहे ते एका यादीमुळे.

माझ्या एका जुन्या तुकडीचा स्नेहमेळावा ठरला आहे. नावांची यादी करायचे काम माझ्याकडे आले आणि मी ते भाच्याच्या गळ्यात घातले. तो प्रोग्रॅमर आहे. त्याने फोनवर विचारले, "मामा, पहिल्या नावाला किती घरं ठेवू?" मी मनात हजेरी घेतली. कमल, शरद, सुधाकर, चंद्रशेखर... पाच अक्षरांच्या वर कुणाचेच नाव नाही. "आठ ठेव, पुष्कळ झाली," असे मी ठोकून दिले.

यादी आली. रकाने दारू प्यायल्यासारखे वाकडेतिकडे, चंद्रशेखरचा 'चंद्रशेख' झालेला, आणि ज्योत्स्ना नावाची माझी हुशार विद्यार्थिनी तिथे 'ज्योत्स्' अशी पाय मोडून उभी! मला वाईट वाटले. ज्योत्स्ना हे तर दोन अक्षरी नाव. ज्यो आणि त्स्ना. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मुले हमखास विचारायची, "सर, जोडाक्षर एका चौकटीत की दोन?" मी सांगायचो, एका चौकटीत एक अक्षर, जोडाक्षर असले तरी एकच. मग दोन चौकटींचे नाव आठ घरांत का मावू नये?

भाचा म्हणाला, "मामा, तुमचं अक्षर वेगळं, मशीनचं वेगळं." मग दोन रविवार त्याने मला ही सगळी कथा सांगितली. काही मी स्वतः वाचून काढली. इतिहास हा माझा विषय, त्यामुळे खोदकाम आवडते.

एक अक्षर म्हणजे एक घर हा समज टाइपरायटरचा. कुठलीही कळ दाबा, गाडा एकच पाऊल सरकणार. १९२८ साली आयबीएमने ऐंशी रकान्यांचे छिद्रांचे कार्ड काढले, एका रकान्यात एक अक्षर. पुढे संगणकाच्या पडद्यावरही एका ओळीत ऐंशी अक्षरे आली. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाची संकेतावली ठरली. तिच्यात एकूण १२८ जागा, इंग्रजीला भरपूर. एक अक्षर, साठवणीचा एक बाइट, पडद्यावरचे एक घर. तिन्ही आकडे एकच! त्यामुळे बाइट मोजले की रुंदी कळे. हा निव्वळ योगायोग होता, पण तो इतका सोयीचा होता की लोकांना तो नियमच वाटू लागला.

पहिला धक्का जपान्यांनी दिला. त्यांच्या चित्रलिपीची अक्षरे, म्हणजे कांजी, चौरस असतात आणि हजारोंनी असतात. १९६९ साली त्यांनी आधी फक्त काताकाना ही सोपी लिपी संगणकात आणली, तीही दाबून चेपून इंग्रजी अक्षराच्या अरुंद घरात बसवून. 'का'चा 'गा' करायला जपानीत डोक्यावर दोन रेघा देतात. त्या रेघांनाही वेगळे घर द्यावे लागले! अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर न देता शेजारच्या चौकटीत काढावा, तसे. मग १९७८ साली ६,८०२ चिन्हांचे मोठे मानक आले. त्यातले चिन्ह एका बाइटात मावेना, दोन लागले. पडद्यावरही चौरस अक्षराला दोन घरे लागली. पूर्ण रुंदीला ते झेंकाकू म्हणतात, अर्ध्या रुंदीला हांकाकू. गंमत अशी, की त्यांच्या एका लोकप्रिय पद्धतीत दोन बाइटांचे अक्षर दोन घरांचे आणि एका बाइटाचे एका घराचे, असा मेळ पुन्हा जमला. बाइट मोजणारे जुने प्रोग्रॅम चालत राहिले. योगायोग दुसऱ्यांदा पावला.

तिसऱ्यांदा पावला नाही. १९९१ साली युनिकोड आले, जगातल्या लिप्यांना एका छताखाली आणणारे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणपद्धत काढली. न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर तिची मांडणी झाली म्हणे. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट, जपानी कांजीला तीन, आणि आपल्या 'क'लाही तीन. कांजीला घरे मात्र दोनच. बाइटांवरून रुंदी काढायची सोय संपली.

मग रुंदीसाठी वेगळे कोष्टक आले. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला पूर्व आशियाई रुंदीचा एक शेरा दिला. असे शेरे सहा. त्यातला एक 'संदिग्ध'. ग्रीक अल्फा अथेन्समध्ये एका घराचा, पण जपानी मानकात तो कांजीच्या पंगतीला बसलेला, म्हणून दोन घरांचा! आणि आपली देवनागरी? तिला शेरा 'तटस्थ'. म्हणजे रुंद नाही, अरुंद नाही, आम्हाला विचारू नका. निकालपत्रकात असा शेरा मी कधी दिला नाही, पण द्यावासा अनेकदा वाटला.

प्रोग्रॅमरना उत्तर तर हवेच होते. युनिक्सच्या मानकात डब्ल्यूसीविड्थ नावाचे एक फंक्शन आहे, ते चिन्हाची रुंदी शून्य, एक की दोन ते सांगते. केंब्रिजचे मार्कुस कून यांनी त्याची एक छोटी आवृत्ती लिहून सर्वांना फुकट दिली आणि ती अनेक प्रोग्रॅममध्ये गेली. नियम साधा. पूर्व आशियाई रुंद चिन्हांना दोन घरे, वर-खाली चिकटणाऱ्या चिन्हांना शून्य, बाकी सगळ्यांना एक. आता मराठी पाहा. 'कु'चा उकार खाली चिकटतो, म्हणून एक घर. 'कि'ची वेलांटी बाजूला उभी राहते, म्हणून दोन घरे.

हे वाचताना मला आमच्या शाळेच्या कचेरीतला टाइपरायटर आठवला. उकाराची कळ दाबली की गाडा हलत नसे. काना दिला की एक पाऊल पुढे. म्हणजे संगणकाने मराठीसाठी शोधलेले उत्तर बरेचसे त्या खडखडणाऱ्या यंत्राचेच होते! फरक जोडाक्षरात. हलन्ताला शून्य धरले तरी 'त्स्ना'मधले त, स, न प्रत्येकी पूर्ण घर मागतात, छापताना मात्र ती एकमेकांना बिलगतात.

भाच्याला म्हटले, ज्योत्स्ना मोजून दाखव. त्याने मोजले. बाइट तीस. युनिकोडची चिन्हे दहा. डब्ल्यूसीविड्थची घरे सात. वापरणाऱ्याला एकसंध दिसणारे गट, युनिकोडच्या जुन्या नियमाने, पाच. आणि माझी अक्षरे दोन. त्याचा प्रोग्रॅम चिन्हे मोजत होता, आणि आठवे चिन्ह म्हणजे नेमका 'स'चा हलन्त. तिथे सुरी पडली.

यातले 'पाच' मला फार टोचले. पण २०२३ साली युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरीतले जोडाक्षर एकसंध धरले जाऊ लागले. आता तिथेही ज्योत्स्ना दोनच. आपल्या पहिलीतल्या पोराला कळते ते यंत्राला कळायला युनिकोडच्या जन्मापासून बत्तीस वर्षे लागली. (नातवंडे पाठवतात ते आई-बाबा-मुलगी-मुलगा असे चौघांचे चित्र मात्र त्याच्या आधीपासून एकसंध! त्यात सात चिन्हे असतात. त्यांना सांधणारे अदृश्य चिन्ह आपल्याकडे अर्धे अक्षर दाखवायलाही वापरतात. आमचाच दोरा घेऊन त्यांनी कुटुंब बांधले.)

अक्षरे दोन ठरली तरी रुंदी किती, हे उरतेच. 'त्स्ना' आणि 'र' दोन्ही एकेक अक्षर, पण जागा सारखी कशी लागेल? भाच्याने शेवटी घरे मोजणेच सोडले. टंक वापरून आधी शब्द जुळवायचा आणि तयार आकृतीची रुंदी त्या टंकालाच विचारायची, असे त्याने केले. छापखान्यातले जुळारी खिळे जुळवून ओळ पट्टीने मापत, तसेच हे. यादी सरळ आली.

ती मी ज्योत्स्नेला पाठवली आणि आधीच्या गोंधळाची हकीकतही कळवली. संध्याकाळी तिचा फोन आला. खूप हसली. म्हणाली, "सर, मशीनला कशाला बोलता? माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'ज्योस्ना' आहे. 'त' गायब. बँकेत अजून खुलासा द्यावा लागतो."

दाखले त्या वर्षी मीच लिहिले होते.