बाईची सायकल आणि अर्धा तास



‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. ते पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले. आपल्या जिल्ह्यातले पेडगाव निराळे. ते परभणी आणि मानवत रोड यांच्या दरम्यानचे, रेल्वे स्टेशन असलेले गाव. त्या वाक्प्रचाराशी त्याचा संबंध नाही. पण आज जी गोष्ट मी सांगणार आहे, तिच्या बाबतीत गाव कोणतेही असो, आपण सर्वांनी थोडेफार वेड पांघरलेलेच आहे.

गोष्ट साधी आहे. चाळिशी गाठलेली बाई दम लागतो, गुडघे दुखतात म्हणून परभणीला दवाखान्यात जाते. डॉक्टर सांगतात, “बाई, वजन उतरवा. रोज अर्धा तास झपझप चाला, नाहीतर सायकल चालवा.” बाई मान हलवते, गोळ्या घेते आणि घरी येते. सायकल काही चालवीत नाही. डॉक्टर म्हणतात, बाई ऐकत नाही. घरचे म्हणतात, तिच्याने होत नाही. खरे कारण काय, ते समजून घ्यायचे तर आधी बाईच्या सायकलीचा इतिहास पाहिला पाहिजे.

आज आपण ओळखतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल इंग्लंडात 1885 साली जॉन केम्प स्टार्ली याने बाजारात आणली. 1888 साली डनलॉपने हवेचे टायर काढले आणि अंग खिळखिळे करणारी सायकल बसण्याजोगी झाली. मग पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायका सायकलीवर बसू लागल्या. लगेच ओरड सुरू झाली. त्यात काही डॉक्टरही होते. तोल सांभाळण्याच्या ताणाने बाईचा चेहरा कायमचा विद्रूप होतो, असे त्यांतले काही जण सांगत, आणि या कल्पित रोगाला त्यांनी ‘सायकलचा चेहरा’ असे नावही दिले होते. म्हणजे मौज पाहा, ज्या औषधाला एका काळी डॉक्टरच विष म्हणत होते, तेच औषध आज डॉक्टर लिहून देतात.

त्याच काळात अमेरिकेत फ्रान्सिस विलर्ड नावाची दारूबंदी चळवळीची पुढारी होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, प्रकृती खालावलेली असताना, ती सायकल शिकली. रोज दहा-पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने तिने सराव केला आणि 1895 साली त्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्रेपन्न वर्षे, रोजची दहा-पंधरा मिनिटे आणि तीन महिने, हे आकडे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात पुष्कळ वर्षे सायकल विलायतेहून येई. मुंबईची हिंद सायकल 1939 ची. स्वातंत्र्यानंतर अॅटलास, हीरो यांच्या सायकली खेड्यापाड्यांत पोचल्या. पण पोचल्या त्या दांडीच्या सायकली. मागे कॅरियरवर दुधाची कॅन नाहीतर धान्याचे पोते, पुढे दांडीवर पोरगा, आणि सीटवर घरचा कर्ता पुरुष. बाई बसली तर कॅरियरवर, तेही एका बाजूला पाय सोडून. पोरगे दांडीखालून पाय घालून अर्ध्या पॅडलने शिकत. पोरीला मात्र कोणी शिकवीत नसे. लुगडे आड येते, असे कारण सांगत. वास्तविक नऊवारीच्या काष्ट्याने पाय मोकळेच राहतात. त्याच काष्ट्यावर आपल्या आज्या शेतात दिवसभर राबल्या. तेव्हा अडचण कापडाची नव्हती, लोक काय म्हणतील याची होती.

ही अडचण दूर होते याचा मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडा आणि मागासलेला. तेथे 1991 च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकविणे हाही त्या मोहिमेचा भाग केला. खेड्यातल्या, खाणीतल्या, मजुरी करणाऱ्या बायका शिकल्या. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्या दांडीच्या सायकली चालवू लागल्या. काहींना तर तीच बरी वाटली, कारण दांडीवर मूल बसविता येते! टोमणे तेथेही झालेच. पण एकटी बाई निघाली की गाव हसते, आणि शंभर निघाल्या की गाव बाजूला होऊन वाट देते.

पुढे 2006 साली बिहारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या चांगलीच वाढली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मराठवाड्यात सकाळी शाळेच्या रस्त्यावर मुलींच्या सायकलींची रांग दिसते, ती पाहून कोणाही शिक्षकाचा ऊर भरून यावा.

पण पुढे काय होते? बारावी झाली, लग्न झाले की ती सायकल धाकट्या भावाकडे जाते. सासरी सून सायकलवर निघाली असे दृश्य फारसे दिसत नाही. आणि मग वीस वर्षांनी तिलाच डॉक्टर सांगतात, सायकल चालवा. ज्या मुलीला ती येत होती, तिच्याकडून आपण ती काढून घेतली, आणि आता ती औषधाच्या चिठ्ठीवर परत लिहून देतो. वजन उतरविण्याच्या झगड्याची सुरुवात येथे आहे.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या बाईचे वजन वाढतेच कोठे? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे 21 जणी प्रमाणापेक्षा कृश आणि सुमारे 23 जणी प्रमाणापेक्षा स्थूल आढळल्या. शहरात हे प्रमाण जास्त आहे, पण खेडी सुटलेली नाहीत. जाते गेले, गिरणी आली. आडाचे पाणी गेले, नळ आला. ते कष्ट गेले हे चांगलेच झाले. ते परत आणा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण कष्ट गेले आणि त्यांच्या जागी मोकळी हालचाल आली नाही. बाईचा दिवस मात्र पूर्वीइतकाच भरलेला राहिला.

आता सायकलीने वजन खरोखर उतरते का? येथे खोटी आशा दाखवू नये. साठ किलो वजनाच्या बाईने अर्धा तास बेताच्या वेगाने सायकल चालविली तर साधारण दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे ज्वारीची एक मध्यम भाकरी! तेव्हा सायकल चालवून आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या तर हिशेब उलटा बसायचा. महिन्यात काटा हलला नाही म्हणून पुष्कळ जणी सोडून देतात, त्याचे कारण हेच.

पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत 18,414 परिचारिकांची 1989 ते 2005 अशी सोळा वर्षे पाहणी झाली. वयाबरोबर वजन वाढत जाते, हे तर दिसलेच. रमतगमत चालण्याने त्याला आळा बसला नाही. झपझप चालणे आणि सायकल यांनी मात्र बसला. रोजची सायकल अर्ध्या तासाने वाढविणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दीड किलोने कमी वाढले. आधी मुळीच सायकल न चालविणाऱ्या ज्या जणी रोज केवळ पाच मिनिटे चालवू लागल्या, त्यांनाही थोडा लाभ झाला. म्हणजे सायकल ही जादू नाही. ती बांध आहे. पाणी एका दिवसात आटवीत नाही, पण पूर चढू देत नाही. शिवाय दम वाढतो, रक्तातली साखर आणि रक्तदाब यांना लगाम बसतो, हे काट्यावर दिसत नाही.

आणि वय आडवे येत नाही. पुण्याच्या प्रीती मस्के या दोन मुलांच्या आईने 2022 च्या जून महिन्यात, पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे 430 किलोमीटरचे डोंगरी अंतर सायकलने 55 तास 13 मिनिटांत तोडले. आपल्याला घाट चढायचा नाही. आपल्याला गावापासून फाट्यापर्यंत जाऊन यायचे आहे.

त्यासाठी काय हवे? सायकल तर बहुतेक घरांत पडलेली असते. हवा भरली, सीट खाली घेतली, चेनला तेल दिले की झाले. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. पावसाळ्यात काळ्या रानाची माती मडगार्डात बसते, तेव्हा डांबरी रस्ता धरावा.

खरी वाण आहे ती अर्ध्या तासाची. हा अर्धा तास कोणी तरी बाईला द्यावा लागतो. सकाळची चूल, गुरे, पोरांचे डबे यांतले एक काम घरच्या दुसऱ्या माणसाने उचलले तरच तो मिळतो. आणि शिक्षकबंधूंनो, तुमच्या हाती एक गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर तासभर मैदान गावातल्या बायकांसाठी मोकळे ठेवा. शिकविणारा गुरू बाहेरून आणायला नको. तुमच्या आठवीतली मुलगी रोज सायकलने येतेच आहे. तिलाच सांगा, उद्या आईला घेऊन ये.

मुलगी मागून सीट धरील आणि आई पॅडल मारील. दोन-चार दिवस गाव हसेल. आपण मात्र त्या हसणाऱ्यांत असू नये.